एल्डन रिंग: फायर जायंटपाशी अडकलोय. बिल्ड (आकड्यांची वाटणी) चुकलंय की हात?

पहिलटकर | गुरुवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. या विभागात पहिल्यांदाच धागा काढतोय.

वय ३८. लहानपणी कॉन्ट्रा आणि मारिओ खेळलो, त्यानंतर कंट्रोलर हातात घेतला तो थेट गेल्या दिवाळीत, भाच्यानं त्याचं प्लेस्टेशन मला दिलं तेव्हा. एल्डन रिंग हा व्हिडिओ गेम त्यानंच लावून दिला. मुलगी झोपली की रात्री तास-दीड तास खेळतो. हळूहळू करत मार्गिट, गॉड्रिक, रेनाला, रादान, मॉर्गॉट असे सगळे बॉस, म्हणजे मोठे शत्रू, पार केले. आता डोंगरावर फायर जायंटपाशी सोळा दिवस झाले, तिथेच आहे. त्याच्या हातातली ती थाळी एकदा आपटली की अर्ध्याहून जास्त रक्त जातं, आणि सावरून रक्त भरणारी बाटली तोंडाला लावेपर्यंत बर्फाची लाट येते. संपलं.

माझे आकडे देतो (व्हिगरनं रक्त वाढतं, एन्ड्युरन्सनं दम, बाकीचे हत्यारं, जादू आणि मंत्रांसाठी). सामुराईनं सुरुवात केली, लेव्हल ९८.
व्हिगर २५, माइंड २०, एन्ड्युरन्स १८, स्ट्रेंग्थ २०, डेक्स ३८, इंट ३०, फेथ १८, आर्केन ८.
(हे तावीज काढून. गळ्यात रादागॉनचा सोअरसील आहे, त्यानं काही आकडे पाचानं वाढतात.)
हत्यारं: उचिगाताना +१४, मूनव्हेल +५. फेथ वाढवला तो 'फ्लेम, ग्रँट मी स्ट्रेंग्थ' या मंत्रासाठी.

प्रश्न मनापासून विचारतोय. माझे हातच या खेळाचे नाहीत, की मी माणूस चुकीचा घडवलाय? हात कमी पडत असतील तर तसं सांगा, वाईट वाटणार नाही. सोडायची मात्र इच्छा नाही.

---

निळी ढाल | शुक्रवार, सकाळी ७:१५

तुमचे हात उत्तम आहेत. ८०० रक्तावर मॉर्गॉट मारून आलेल्या माणसानं हातांवर शंका घेऊ नये. घोटाळा आकड्यांत आहे आणि तो सुधारता येतो. सविस्तर लिहितो, कारण हीच चूक माझ्याकडूनही झाली होती आणि तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं.

आधी व्हिगर. या खेळात प्रत्येक पॉइंटला सारखंच रक्त वाढत नाही. २५ ला ८०० असतं, ४० ला १४५०, ६० ला १९०० आणि ९९ ला फक्त २१००. आता भागाकार करून बघा. २५ ते ४० या टप्प्यात एकेका पॉइंटला सरासरी ४३ रक्त मिळतं. ४० ते ६० मध्ये साडेबावीस. साठीनंतर जेमतेम पाच. म्हणजे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फायद्याचा टप्पा नेमका तुम्ही घेतलेलाच नाही. राजधानीपर्यंत २५ वर निभावतं. डोंगरावर चढलं की शत्रूंचा मार एकदम वाढतो आणि तिथे निम्मी जनता तुमच्यासारखीच अडकते.

आता सोअरसील. तो व्हिगर, एन्ड्युरन्स, स्ट्रेंग्थ आणि डेक्स पाच-पाचानं वाढवतो, पण बदल्यात बसणारा प्रत्येक फटका १५ टक्क्यांनी जड करतो. बरेच जण सरसकट 'काढून टाक' म्हणतात. हिशोब वेगळं सांगतो. तुमच्या २५ वर तो घातला की व्हिगर ३० होतो, रक्त ९९४. त्याला १.१५ नं भागा: ८६४. म्हणजे ८०० पेक्षा बरंच. इथपर्यंत तावीज तुमच्या बाजूनं आहे. पण व्हिगर ४५ केलात की रक्त होतं १५८० च्या आसपास, आणि तावीज घालून ५० झाला तर १७०४ भागिले १.१५ म्हणजे १४८२. आता तोच तावीज तुमचं रक्त खातोय. जो सुरुवातीला सोबती असतो तो पुढे ओझं होतो, आणि खेळ हे कुठेही लिहून देत नाही.

तिसरी गोष्ट हत्यार. डोंगरावर +१४ फार कमी आहे. दगड लावून धार वाढवत साधी हत्यारं +२५ पर्यंत जातात, सॉम्बर दगड लागणारी खास हत्यारं +१० पर्यंत. तुमची मूनव्हेल +५ म्हणजे साध्या हिशोबात साडेबाराच्या तोलाची. फायर जायंटला बेचाळीस हजारांच्या वर रक्त आहे. इतक्या कमी धारेनं ते कापायचं तर लढाई दुप्पट लांबते, आणि लढाई लांबली की चुका वाढतात.

बाकी डेक्स, इंट, फेथ यांची जी वाटणी केलीय त्याला आपल्याकडे 'एक ना धड, भाराभर चिंध्या' म्हणतात. राग मानू नका, पहिल्या वेळी सगळ्यांचं असंच होतं. नवी तलवार सापडते, तिला अमुक लागतं, मग तेवढे पॉइंट तिकडे.

रेनालाकडे जा. लार्व्हल टिअर ही वस्तू दिली की ती सगळे पॉइंट परत वाटू देते. लेव्हल ९८ ला आठही आकड्यांची बेरीज १७७ असते. दोन वाटण्या देतो, एक निवडा.

उचिगाताना ठेवायची असेल तर: व्हिगर ४५, माइंड १५, एन्ड्युरन्स २२, स्ट्रेंग्थ १४, डेक्स ५६, बाकी तिन्ही सामुराईच्या मूळ आकड्यांवर (इंट ९, फेथ ८, आर्केन ८).

मूनव्हेल ठेवायची असेल तर: व्हिगर ४५, माइंड १८, एन्ड्युरन्स १६, स्ट्रेंग्थ १२, डेक्स १८, इंट ५२, फेथ ८, आर्केन ८.

दोन्हीची बेरीज १७७ येते, तपासून घ्या. मंत्र सुटेल. सुटू दे.

---

शेकोटी | शुक्रवार, सकाळी ९:४०

निळी ढाल यांच्याशी शब्दशः सहमत. दगडांबद्दल भर: त्याच डोंगरावर झमोरचे अवशेष आहेत, तिथे जमिनीखाली एका पेटीत खाणकामगाराची तिसरी घंटा मिळते. ती राउंडटेबलच्या जुळ्या म्हाताऱ्यांना दिली की पाच आणि सहा नंबरचे दगड विकत मिळतात. म्हणजे तुमची +१४ पैसे टाकून +१८ होते. पुढचे सात-आठ नंबरचे दगड डोंगरावर इकडेतिकडे सापडतात तेवढे वेचा.

---

गदाधारी | शुक्रवार, सकाळी १०:०५

आणि आगीसाठी फ्लेमड्रेक तावीज. साधा लिमग्रेव्हमध्ये ग्रोव्हसाइड गुहेत आहे, अगदी सुरुवातीच्या भागात, बहुतेक तुमच्याकडे असेलच. +२ वाला ड्रॅगनबॅरोच्या गुहेत. सोअरसीलची जागा रिकामी होतेय तिथे हाच घाला.

---

रात्रपाळी | शुक्रवार, दुपारी २:३०

मी थोडं वेगळं मांडतो. सल्ले सगळे बरोबर आहेत, एकही आकडा चुकीचा नाही. पण सोळा दिवसांत त्या राक्षसाबद्दल तुम्ही काय शिकलात हे कुणीच विचारलं नाही.

मी या वाटेवर सेकिरोपासून आलो. २०१९ चा खेळ, याच फ्रॉमसॉफ्टवेअरचा, दिग्दर्शक तेच मियाझाकी. त्यात बिल्ड नाही. एक तलवार, तीच शेवटपर्यंत. मारक शक्ती वाढते ती मोठे शत्रू मारून मिळालेल्या आठवणींनी, रक्त वाढतं ते चार-चार जपमण्यांनी. बाहेर फिरून लेव्हल वाढवायची आणि परत येऊन शत्रूला चिरडायचं, ही सोयच नाही. तुम्हाला त्याच्या तलवारीचा ताल ऐकायला शिकावंच लागतं. इशिन, त्यातला शेवटचा शत्रू, माझ्याकडून तीन आठवड्यांनी पडला. ज्या रात्री पडला तेव्हा माझ्या रक्ताचा एक थेंब जास्त नव्हता की तलवारीची धार वाढली नव्हती. फक्त मी बदललो होतो. ती भावना मला दुसऱ्या कुठल्याही खेळानं दिलेली नाही.

एल्डन रिंगमध्ये प्रत्येक भिंतीला वळसा आहे. घंटा वाजवून राखेतली भुतं बोलवा, मिमिक टिअर (आपलीच नक्कल असलेलं भूत) पुढे करा, लांबून जादू फेका. वळसा घेऊन पुढे गेलात तर भिंत तिथेच राहते. पुढच्या बॉसपाशी पुन्हा हाच धागा काढाल, ही माझी खरी काळजी आहे.

---

डावखुरी | शुक्रवार, सायंकाळी ६:२०

रात्रपाळी, तुमचं म्हणणं मला मनापासून कळतं. तरी माझी गोष्ट सांगते.

चार वर्षांपूर्वी उजव्या मनगटाची शस्त्रक्रिया झाली. अंगठा आणि पहिलं बोट अजूनही हुकमी चालत नाही. झटकन रोल मारायचं (लोळून फटका चुकवायचं) बटण दाबायला मला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि अर्ध्या तासानंतर हात बधिर होतो. सेकिरो मी विकत घेतला होता. दोन संध्याकाळी प्रयत्न केला आणि कपाटात ठेवला. तो वाईट खेळ आहे म्हणून नाही. त्याला एकच दार आहे, आणि त्या दारातून जायला जी बोटं लागतात ती माझ्याकडे नाहीत.

एल्डन रिंग मी पूर्ण केला. मोठी ढाल, भाला आणि एन्ड्युरन्स. ढाल वर धरून ढालीआडून टोचायचं. फटका ढालीवर घेऊन लगेच उलट वार करायची सोय या खेळात आहे, तिला फार वेळ साधावा लागत नाही, शांतपणा लागतो. एन्ड्युरन्स वाढवायचा कारण ढालीवर बसलेला प्रत्येक फटका दम खातो आणि दम संपला की ढाल उघडी पडते. वजनाचंही बघावं लागतं: उचललेलं सामान ७० टक्क्यांच्या आत राहिलं तर रोल नीट बसतो, वर गेलं की माणूस पोत्यासारखा आदळतो. सुरुवातीला मी दिसेल ते चिलखत चढवलं होतं, नाकापेक्षा मोती जड. मग एकेक काढत ६८ टक्क्यांवर आणलं.

मी काही न शिकता पुढे गेले असं वाटत असेल तर तसं नाही. कोणता फटका ढालीवर घ्यायचा, कोणता अजिबात घ्यायचा नाही, दम किती उरलाय, हे सगळं शिकले. मलेनिया या बॉसपुढे ढाल चालत नाही, कारण तिचा वार ढालीवर बसला तरी तिचं रक्त भरतं. तिच्यासाठी मी सगळं मोडून नवं बांधलं. गारठवणारी आणि रक्त काढणारी हत्यारं घेतली. शत्रू गारठला की ३० सेकंद त्याला २० टक्के जास्त लागतं, त्या ३० सेकंदांत मिमिकसोबत मी तुटून पडायचे. सत्तावीस दिवस लागले. त्या रात्री मी रडले होते.

तुम्हाला इशिननं जे दिलं तेच मला या वळशानं दिलं.

---

तीन कप चहा | शुक्रवार, सायंकाळी ६:४५

डावखुरी ताई, हा प्रतिसाद जपून ठेवतोय. धन्यवाद.

---

शेकोटी | शुक्रवार, रात्री ९:१०

ताईंनी 'एकच दार' म्हटलं त्यावरून थोडा इतिहास. मी २०१२ पासून हे खेळ खेळतोय, याच कंपनीचा पहिला डार्क सोल्स कॉम्प्युटरवर आला तेव्हापासून. 'या खेळांत सोपी पातळी नाही' असं सगळे म्हणतात. मेन्यूत नाही हे खरं. पण खेळाच्या आत ती कायम होती, फक्त तिच्यावर पाटी नव्हती.

पहिल्या डार्क सोल्सची पायरोमॅन्सी, म्हणजे आगीची जादू, आठवा. तिला इंट लागत नव्हतं, फेथही नव्हता. हातातली ज्योत सोल्स (शत्रू मारून मिळणारं चलन) देऊन वाढवायची, बस्स. म्हणजे सगळी लेव्हल रक्त आणि दमावर खर्च करा आणि मारा आगीनं. ज्याला जड जातंय त्याच्यासाठी करणाऱ्यांनी मुद्दाम उघडी ठेवलेली खिडकी होती ती, असं माझं मत आहे. उलट दुसऱ्या डार्क सोल्समध्ये, २०१४, त्यांनी अ‍ॅडॅप्टेबिलिटी नावाचा आकडा आणला. रोल मारताना जे क्षणभर अंगाला काही लागत नाही, तो क्षणच या आकड्यावर अवलंबून ठेवला. नवीन माणसाला हे माहीत नसायचं. तो डोळ्यांदेखत बरोबर वेळी रोल मारायचा आणि तरी फटका बसायचा. मला तो खेळ आवडतो, पण हा निर्णय चूक होता असं आजही वाटतं. कठीण असायला हरकत नाही. पण माणसाला आपली चूक कुठे झाली हे दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर तो स्वतःच्या हातांना दोष देतो, जसा या धाग्याच्या पहिल्या ओळीत दिलाय.

त्यांच्याच ब्लडबोर्नमध्ये ढाल जवळजवळ काढूनच टाकली आणि बदल्यात, मार खाल्ल्यावर लगेच उलट वार केला तर गेलेलं रक्त परत मिळायची सोय दिली. दार बदललं. एल्डन रिंगमध्ये तर दारंच दारं.

आणि लोकांना डोक्यावर मडकं घालून मलेनियाला एकटा मारणारा तो प्रसिद्ध खेळाडू आठवत असेल, 'लेट मी सोलो हर'. हजारवेळा मारल्यावर प्रकाशकांनी त्याला खरी तलवार भेट दिली, २०२२ मध्ये. अंगावर कपडा नाही म्हणून सगळे म्हणायचे, निव्वळ कौशल्य. कौशल्य अफाट होतंच. पण दोन्ही हातांत काय होतं? एकात रक्त काढणारी रिव्हर्स ऑफ ब्लड, दुसऱ्यात गारठवणारी उचिगाताना. बिल्ड होतंच की! त्यानं फक्त चिलखत नाकारलं, आणि तोसुद्धा बिल्डचाच निर्णय.

---

रात्रपाळी | शुक्रवार, रात्री ११:३०

डावखुरी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'वळसा' हा शब्द मी परत घेतो. जी माणसं दुसऱ्या वाटेनं जातात त्यांनाही चालावं लागतं, हे मी धरलं नव्हतं.

माझा आग्रह एवढाच उरतो: पहिलटकर, रिस्पेक करण्याआधी, म्हणजे पॉइंट परत वाटण्याआधी, एक रात्र फक्त बघण्यासाठी द्या. मारायचं नाही. त्याच्या डाव्या पायाला बांधलेलं आहे, पहिल्या टप्प्यात तिथेच मारायचं असतं. घोडा वापरता येतो, पण पायाशी असताना उतरून खेळलेलं मला जास्त जमलं, कारण घोड्यावर असताना रोल नाही. थाळी कधी उचलतो, आग कधी मागवतो, लोळण कधी घेतो एवढं मोजा. मग आकडे बदला. दोन्ही मिळून तो पडेल.

---

गदाधारी | शनिवार, सकाळी ८:५०

मी कायम स्ट्रेंग्थवाला, त्यामुळे एक कानमंत्र धाग्यात नोंदवून ठेवतो, पुढे कुणाला लागेल. हत्यार दोन्ही हातांनी धरलं की स्ट्रेंग्थ दीडपट मोजली जाते. म्हणजे ५४ खर्च करून ८१ मिळते, आणि ८० नंतर तसाही वाढीचा वेग मंदावतो. वाचलेले सव्वीस-सत्तावीस पॉइंट सरळ व्हिगरमध्ये. मी कधीही रक्ताला तुटलो नाही ते यामुळे.

दुसरं, शॅडो ऑफ द अर्डट्री या एल्डन रिंगच्या पुरवणी भागाबद्दल. जून २०२४ मध्ये ते आलं तेव्हा लेव्हल दीडशेची माणसंसुद्धा दोन फटक्यांत मरत होती आणि सगळीकडे ओरड झाली. कारण तिथे लेव्हलला फार किंमतच नाही. स्कॅडुट्रीचे तुकडे गोळा करायचे, एकूण ५०, त्यांतून आशीर्वाद २० पर्यंत वाढतो, आणि तो आशीर्वाद फक्त त्या प्रदेशात लागू. लोक सवयीनं थेट बॉसकडे धावले. पाचच दिवसांत पॅच आला आणि आशीर्वादाच्या पहिल्या निम्म्या पायऱ्या जास्त जोरकस केल्या. मला मूळ कल्पना फार आवडली होती. फिरलात, शोधलंत, तर बळ मिळेल. लेव्हल वाढवणाऱ्या रून्सच्या नुसत्या राशी घेऊन आलात तर नाही. पण तुमच्यासारख्यानं तिथे जाताना हे आधीच माहीत असावं, म्हणून लिहिलं.

---

निळी ढाल | शनिवार, सकाळी ९:३०

गदाधारी, दीडपटीचं लिहिलंत ते बरं केलंत. एक पुरवणी: दोन हातांत एकाच जातीची दोन हत्यारं घेतली तर तो फायदा मिळत नाही, एकच हत्यार दोन्ही हातांनी धरायला हवं.

---

पहिलटकर | रविवार, रात्री १:४०

पडला.

काल रात्री रात्रपाळींचं ऐकलं. नऊ वेळा नुसता मेलो, एकदाही तलवार उपसली नाही. तेव्हा कळलं की ज्याला मी बर्फाची लाट समजत होतो ती थाळी जमिनीत घासून आणल्यामुळे येते. खांदा मागे गेला की येणार. सोळा दिवस मी त्याच्या गुडघ्याकडे बघत होतो, खांद्याकडे नाही.

आज मुलगी लवकर झोपली. आधी रेनालाकडे जाऊन दुसरी वाटणी घेतली, मूनव्हेलची. मंत्र सोडताना जिवावर आलं, कारण तो पाठ करायला मी बराच हिंडलो होतो. सॉम्बर दगड तपासले तर +७ पर्यंतचे पिशवीतच पडून होते, वापरायचे राहिले होते. सोअरसील काढून फ्लेमड्रेक घातला. अलेक्झांडरची खूण तिथे होती, तो मडक्यातला योद्धा, त्यालाही बोलावलं. रात्रपाळी, माफ करा, पण त्याची आणि माझी वाटेत तीनदा भेट झाली होती, त्याला सोडून एकटं लढणं मला बरं वाटेना.

पहिल्या दोन वेळा मेलो. तिसऱ्या वेळी थाळी पूर्ण अंगावर बसली आणि मी उभा होतो! रक्ताची पट्टी निम्म्याच्या वर. त्या एका क्षणासाठी ही सगळी आकडेमोड होती, आता कळतंय. घाई गेली. बाटली प्यायलो, खांदा बघितला, रोल मारला, परत पायाशी गेलो. पाय तोडून तो सरपटायला लागला तेव्हा हात थरथरत होते, पण काय येणार हे माहीत होतं.

बायको बाहेर आली, काय झालं म्हणून विचारलं. मला सांगता येईना.

निळी ढाल, डावखुरी, रात्रपाळी, शेकोटी, गदाधारी, सगळ्यांचे आभार.

---

डावखुरी | रविवार, सकाळी ७:०५

अभिनंदन! अलेक्झांडरला सोबत घेतलंत हे वाचून फार बरं वाटलं.

---

रात्रपाळी | रविवार, सकाळी ११:२०

नऊ वेळा नुसतं बघितलंत. माफी कसली मागता. मनापासून अभिनंदन.

---

शेकोटी | रविवार, दुपारी १२:१५

अभिनंदन. आता थोडं पुढचं फोडतोय, नको असेल तर इथेच थांबा.

यापुढे भट्टीपाशी जाल आणि फारुम अझुलाला पोचाल. तिथे चौथी घंटा आहे, ती आणलीत की सात-आठ नंबरचे दगड विकत मिळतील आणि साधी हत्यारं +२४ पर्यंत नेता येतील. पण तिथला शेवटचा बॉस मालिकेथ. तो मेला की राजधानी राखेखाली जाते आणि जुनं शहर पुन्हा कधीच मिळत नाही. लेंडेलमधलं काही बघायचं, उचलायचं, कुणाला भेटायचं राहिलं असेल तर ते मालिकेथच्या आधी उरका. मी पहिल्या वेळी अर्धं शहर न बघता पुढे गेलो होतो.

---

पहिलटकर | रविवार, दुपारी १२:४०

शहराखालचं गटार तर मी उघडलंच नाहीये. तिथे मूनव्हेल +७ चालेल की आधी आणखी दगड शोधू?

---

निळी ढाल | रविवार, दुपारी १:०५

चालेल. व्हिगर मात्र पन्नास करून उतरा. तिथे काही बेडूक आहेत, त्यांच्या धुरात उभे राहिलात तर रक्त कितीही असो, एका झटक्यात जातं. धूर दिसला की मागे फिरा.